खुणा का बदलल्या नाहीस

वेल्टन, नेब्रास्का
७ जानेवारी

डेनिस,

तुझे बूट इथे राहिलेत. ऑफिसातल्या उंच कपाटाच्या खालच्या खणात, तपकिरी जोड, डाव्याची नाडी तुटलेली. पाठवू की टाकून देऊ, तेवढं कळव. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच.

फोन केला होता. तुझ्या नव्या विद्यापीठात तुझा फोन कुणी मुलगी उचलते आणि "कोच ओडेगार्ड मीटिंगमध्ये आहेत, आपण कोण?" असं गोड आवाजात विचारते. पहिल्यांदा मी नाव सांगितलं. दुसऱ्यांदा "जुना सहकारी" म्हटलं. तिसऱ्यांदा काहीच न बोलता ठेवून दिला. शिवाय आपली सवय कागदाचीच. एकोणीस मोसम दर रविवारी सकाळी मी तुझ्या टेबलावर कागद ठेवत आलो. कुणाचा पाय कुठे घसरला, कुणाचा खांदा उशिरा वळला, सगळं स्वच्छ अक्षरात. तेव्हा हेही तसंच समज.

इथे सगळं उत्तम आहे. तुझ्या जागी कोल हॅनिगन नावाचा मनुष्य आला. चौतिशीचा आहे, दात फार पांढरे. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "लाईल, मित्रा, तुला मी ठेवतोय बरं का. पोरांना ओळखीचा एक तरी चेहरा पाहिजे." नव्या भाडेकरूनं भिंतीतल्या जुन्या कपाटाकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. उखडून काढण्यापेक्षा राहू दे. असो. आपल्या फुटबॉल संघाची पुढची फळी अजून माझ्याकडेच आहे. पाचही पोरं तीच, धक्के तेच.

आमच्या दारासमोर 'घर विकणे आहे' अशी पाटी होती, तिच्याबद्दल तू मार्गोकडून ऐकलं असशील; आपल्या बायका एकमेकींना सगळं सांगतात. वाऱ्यानं पडली. आणि तिचा तुझ्या जाण्याशी काही संबंध नव्हता. जोलीनला बरेच दिवस लहान घर हवं होतं.

बुटांचं कळव.

लाईल


११ फेब्रुवारी

डेनिस,

बुटांचं काही कळवलं नाहीस. नाडी मी बदलली. तुला असली ढिलाई कशी चालते, हे मला कधीच कळलं नाही.

पाटीबद्दल मागच्या पत्रात जे लिहिलं ते बरोबर नव्हतं. वारा नव्हता. मीच उपटली, आणि जमीन गोठलेली असल्यामुळे ती सरळ निघाली नाही, मोडली. आता तिचा खुंट दारात तसाच आहे आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे बघतो.

तुला रिवाज सांगायची गरज नाही, पण मला एकदा तो कागदावर मांडून बघायचा आहे, कारण मांडल्याशिवाय मला चूक दिसत नाही. मुख्य कोच मोठ्या जागी गेला की आपली माणसं सोबत नेतो. माणसांनी विचारायचं नसतं. विचारणं म्हणजे हात पसरणं. फोन येतो, कोच म्हणतो "सामान बांध", आणि आपण बांधतो. तू गेलास ती बातमी रेडिओवर लागली तेव्हा जोलीन ओट्याशी उभी होती. मी तिला म्हटलं, "आता दोन दिवसांत फोन." तिनं दवाखान्यातली नोकरी सोडत असल्याचं सांगून टाकलं. मी पाटी रोवली. रोवताना दोरी लावून ओळंबा पाहिला, वाकडी पाटी मला सहन होत नाही.

तू बचाव शिकवणाऱ्याला नेलंस. किक शिकवणाऱ्याला नेलंस. व्हिडिओ काढणाऱ्यालासुद्धा नेलंस, डेनिस. तो पोरगा कॅमेरा तिरका धरतो.

परवा केस कापायला गेलो तर न्हावी सगळ्या दुकानादेखत म्हणाला, "काय लाईल, पाटी लावून पाहिलीस म्हणे, कुणी उचलतंय का!" लोक खो-खो हसले. मीही हसलो. अर्धे केस कापून झाल्यावर माणूस करणार काय?

जोलीन म्हणते, "सरळ विचार ना त्याला. 'मला का नेलं नाहीस?' पाच शब्दसुद्धा नाहीत." मी म्हटलं, असं विचारत नसतात. ती म्हणाली, "मग हे काय लिहितोयस? बुटांचं चरित्र?"

तर विचारतो. मला का नेलं नाहीस?

मी विद्यापीठात शिकलो नाही, कुठल्या संघातून खेळलो नाही, हे कारण असेल तर ते तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बिटाच्या साखर कारखान्यात पट्ट्यावर काम करणारा माणूस शाळेच्या पोरांना हौसेनं शिकवतो, हे बघूनच तू मला बोलावलंस. फळीतला पोरगा वाकून हात जमिनीला टेकतो तेव्हा पेरं पांढरी पडली तर तो पुढे धडकणार, म्हणजे चेंडू घेऊन धाव. पेरं लाल राहिली तर तो मागे सरणार, म्हणजे फेक. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी बघून बघून काढलं, आणि पहिल्याच आठवड्यात तुला दाखवलं. तू टेबलावर मूठ आपटून म्हणालास, "हा माणूस मी कुठे जाईन तिथे नेणार!" तुला आठवत नसेल. मला तू कुठली टोपी घातली होतीस तेसुद्धा आठवतंय.

लाईल


२० एप्रिल

डेनिस,

उत्तर नाही. ठीक. पण आता मी पडलोय भलत्याच घोळात, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगता येण्यासारखा नाही. गंमत बघ, सांगायचा नाही तोही तुलाच.

काल तुझ्या संघाचा वसंतातला सरावसामना टीव्हीवर दाखवला. जोलीननं राजम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल केले होते, आम्ही ताटं मांडीवर घेऊन बसलो. तुझं मैदान केवढं रे! सरावालासुद्धा एवढी माणसं! तू जाड झालायस. (हे जोलीनचं मत. माझ्या मते कोट चुकीच्या मापाचा आहे.)

पहिलीच चाल. इतक्या गोंगाटात आतल्या पोरांना ओरडून काही सांगता येत नाही, म्हणून कडेला उभे राहून दोघंजण हातांनी खुणा करणार, एक खऱ्या, एक खोट्या. ते सगळे करतात. पण तुझ्या निळ्या टोपीवाल्यानं मनगटावर मूठ ठेवली, आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "फेकीचं सोंग, डावीकडून धाव." आणि झालीही तीच चाल.

जोलीन म्हणाली, "तुला कसं कळलं?"

दुसरी खूण, दोन बोटं हनुवटीखाली. लांब फेक. झाली. तिसरी, कोपरावर मूठ. उजवीकडे छोटी फेक. झाली. खरा कोण ते ओळखायची युक्तीसुद्धा तीच, ज्याच्या पायाशी पाण्याची बाटली उभी तो खरा, ज्याची आडवी तो खोटा.

डेनिस, या खुणा माझ्या आहेत. माझ्या म्हणजे मी बनवलेल्या. कारखान्यात पट्ट्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, तिथे माझा बाप या कडेनं त्या कडेला हातांनी बोलायचा. मनगटावर मूठ म्हणजे पट्टा थांबवा. हनुवटीखाली बोटं म्हणजे बीट अडकलंय. कोपर म्हणजे गाडी लागली. आपण हरून परतत होतो, बसमध्ये मी तुझ्या शेजारी बसून त्या तुला एकेक करून शिकवल्या.

आता कोच बदलला की पहिल्या दिवशी खुणा बदलतात. भाडेकरू गेला की कुलूप बदलतात तसं. शाळेच्या संघालासुद्धा कळतं हे. दुसऱ्याच्या खुणा समोर उभं राहून वाचणं गुन्हा नाही. न बदलणं हा गाढवपणा. आणि तू गाढव नाहीस.

आणि सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आमचा संघ तुझ्या मैदानावर तुझ्याविरुद्ध उतरणार आहे. तो सामना दोन वर्षांपूर्वी इथे बसून तूच ठरवलास. मोठी विद्यापीठं मोसमाच्या सुरुवातीला हात साफ करायला आपल्यासारख्या लहानांना बोलावतात, तेव्हा आपणच जायचं, पोरांना एकदा मोठं मैदान दिसू दे, असं म्हणाला होतास.

मग? खुणा का बदलल्या नाहीस?

लाईल


२२ एप्रिल

डेनिस,

दोन दिवस दुसरं काही सुचत नाही, म्हणून शक्यता मांडतो.

तुला वाटतं लाईल कधी सांगणार नाही. म्हणजे विश्वास. पण इतका विश्वास असलेल्या माणसाला तू मागे सोडून जातोस?

किंवा तुला वाटतं, सांगितलं तरी काय फरक पडतो, वेल्टनची पोरं ती, आम्ही चिरडून टाकू. म्हणजे तुच्छता.

किंवा सापळा. सप्टेंबरमध्ये त्याच खुणा उलट्या अर्थानं करशील आणि मी हॅनिगनपुढे तोंडावर आपटेन. पण मला आपटवून तुला काय मिळणार? ज्याला फोन करायला वेळ नाही त्याला सापळा लावायला वेळ कुठला?

किंवा हा निरोप आहे. तू बोलू शकत नाहीस म्हणून हातांनी बोलतोयस. हे वाचून जोलीननं कपाळावर हात मारला. म्हणाली, "लाईल, त्या माणसानं लग्नाच्या वाढदिवसाला मार्गोला बर्फ उपसायचं फावडं दिलं होतं. तो निरोप-बिरोप पाठवणाऱ्यातला नाही."

फावडं चांगलं होतं, पण. मीच निवडून दिलं होतं.

लाईल


१९ ऑगस्ट

कोच,

सराव सुरू झाला. ऊन आहे, माशा आहेत, पोरं हेल्मेटात ओकतात. नेहमीचं.

आज हॅनिगननं मला खोलीत बोलावलं. पाय टेबलावर. बुटांचे तळ मला दिसत होते. "लाईल, मित्रा, ओडेगार्डबरोबर तू इतकी वर्षं होतास. मला काहीतरी दे ना. काहीही. माणूस दबावात आला की काय करतो? कुठली चाल आधी काढतो?"

मी म्हटलं, "कान खाजवतो."

"तेवढंच?"

"डावा."

तो हसला, मग त्यानं हसणं थांबवलं. "हे बघ, तुझं कामाचं वर्ष डिसेंबरला संपतं. मी काही वाईट माणूस नाही. पण पुढच्या वर्षासाठी तुला का ठेवायचं, हे मला वर सांगावं लागणार. मला सांगण्यासारखं काहीतरी दे."

माझ्या जिभेवर होतं. सगळ्या खुणा, बाटलीसकट. मी म्हटलं, "आठवून बघतो, कोच."

बाहेर आलो तर माझीच मला चीड आली. चोपन्नाव्या वर्षी वेल्टनमधून बाहेर पडलो तर दुसरं कुठलं कॉलेज मला घेईल? पदवी नाही, नाव नाही. फळी शिकवता येते, पण ते टीव्हीवर दिसत नाही. जोलीनला दवाखान्यात परत घेतलं, ते अर्ध्या वेळेवर. आणि मी कुणासाठी तोंड बंद ठेवलं? जो बुटांना उत्तर देत नाही त्याच्यासाठी.

जोलीनला सांगितलं तर म्हणाली, "सांगू नकोस किंवा सांग, पण एक काहीतरी कर. तू झोपेत हनुवटीला बोटं लावतोस."

मी ठरवलंय. सांगणार नाही. विश्वास ही शक्यता मी बाकीच्यांच्या वर ठेवली आहे. पुरावा काही नाही. उत्तर आलं नाही, तेव्हा निवड मलाच करायची होती.

भेटू सप्टेंबरात, तुझ्या मैदानावर.

लाईल


७ सप्टेंबर, रविवार

डेनिस,

जे घडलं ते तुलाही माहीत आहे, पण तुझ्या कडेवरून. माझ्या कडेवरून असं घडलं. कुठे चुकलो तर दुरुस्त कर.

पहिला टप्पा तुम्ही आम्हाला कणीक मळावी तसं मळलं. मी तुझ्या माणसाच्या हातांकडे बघायचं नाही असं ठरवून आलो होतो. माझ्या फळीकडे बघत होतो. पण तुमच्या हातात चेंडू असला की माझी फळी बाकावर बसून पाणी पिते. मग बघायला राहतं काय? पलीकडची कड. त्याची बाटली उभी. आणि एकेक खूण, एकेक चाल, मी मनात म्हणतोय आणि ती घडतेय. ओठ आवळून उभा होतो. जबडा दुखायला लागला.

दुसऱ्या टप्प्यात तुझ्या त्या निळ्या टोपीवाल्यानं मनगटावर मूठ ठेवायच्या ऐवजी हाताच्या मधोमध ठेवली. ना मनगट, ना कोपर. तुझा चेंडू फेकणारा पोरगा गोंधळला, मान पुढे काढून परत बघायला लागला. त्या टोपीवाल्यानं परत तेच केलं, ढिसाळ, डासाला मारल्यासारखं. आणि मी ओरडलो.

"मनगट! अरे मनगट, गाढवा! फेकीचं सोंग आणि डावीकडून धाव, तर मनगट धर ना नीट!"

देवाशपथ सांगतो, मी त्याला दुरुस्त करत होतो. तुझ्याशी दगा करत नव्हतो. ती खूण माझ्या बापाची आहे, ती कुणी अशी केलेली मला बघवली नाही.

चाल झाली. फेकीचं सोंग, डावीकडून धाव. हॅनिगन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तो हळूच वळला. त्याचे पांढरे दात दिसत नव्हते, तोंड उघडंच राहिलं होतं.

"लाईल," तो म्हणाला, "पुढची कुठली?"

मी बाकावरच्या माझ्या फळीकडे वळलो.

"लाईल. पुढची?"

टोपीवाल्याची बोटं हनुवटीखाली गेली. मी म्हटलं, "लांब फेक."

का म्हटलं? मी कालपासून शोधतोय. नोकरीसाठी म्हटलं असावं. रागानं म्हटलं असावं. पण त्या क्षणी मला नोकरी आठवली नाही आणि राग तर टोपीवाल्याचा होता. मला वाटतं कुणीतरी मला विचारलं, म्हणून मी सांगितलं. इतके महिने कुणी काही विचारलं नव्हतं.

आमच्या पोरानं ती फेक हवेतच पकडली. मग मी सांगत गेलो. मध्यंतराला आम्ही पुढे होतो, आणि तुझ्या त्या प्रचंड मैदानात इतकी शांतता होती की झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती ती ऐकू येत होती.

मध्यंतरानंतर तू खुणा बंद केल्यास. चाल तोंडी सांगून एकेक बदली पोरगा आत धाडायला लागलास, आपले आजे करायचे तसं. हुशारी होती. आमच्या पोरांचा दमही संपला. शेवटच्या किकवर तुम्ही जिंकलात. न्याय्य होतं. आमच्या डाव्या कोपऱ्यातला पोरगा शेवटी शेवटी नुसता उभा होता.

मग हस्तांदोलन. हॅनिगनशी उरकून तू माझ्याकडे आलास. जे बोललो ते इथे लिहून ठेवतो, कारण दोन वर्षांनी तू म्हणशील असं बोललोच नाही.

तू म्हणालास, "वाचलंस ना रे मला, चोरा."

मी म्हटलं, "खुणा का बदलल्या नाहीस?"

"बदलल्या होत्या की! दोनदा. पोरांच्या टाळक्यात शिरेनात. तुझ्या खुणा शिरतात. मग म्हटलं जाऊ दे."

"जाऊ दे?"

"मला काय माहीत तू मधेच बोंब ठोकशील! तू आणि बोंब! एकोणीस वर्षांत आवाज चढवला नाहीस."

मी चार शक्यता काढल्या होत्या, डेनिस. ही त्यात नव्हती.

मग मी विचारलं. जोलीन म्हणते तसं, सरळ. "मला का नेलं नाहीस?"

तू टोपी काढलीस, डावा कान खाजवलास. आजूबाजूनं लोक धावत होते, कुणीतरी तुझ्या पाठीवर थाप मारून गेलं. तू म्हणालास, "तुझा चेहरा, लाईल."

"चेहऱ्याला काय झालं?"

"काही झालं नाही. तसाच असतो तो. मी जिंकलो तरी तसाच, हरलो तरी तसाच. मोठी जागा मिळाली, म्हटलं एकदा तरी त्या चेहऱ्याशिवाय बघू. फोन हातात घेतला होता मी. तीनदा." आणि मग, "बूट टाकून दे. मला चावतात ते." आणि तुला कॅमेरेवाले घेऊन गेले.

याचा अर्थ काय? मी बसमध्ये सगळी वाट विचार करत आलो. घरी येऊन जोलीनला शब्दन् शब्द सांगितला. म्हटलं, "माझ्या चेहऱ्यात काय आहे?" ती ताटं पुसत होती. म्हणाली, "मी तीस वर्षं त्या चेहऱ्यासमोर स्वयंपाक करतेय. आता मला सवय झाली." मी म्हटलं, म्हणजे काय पण? तर म्हणाली, "हाच बघ. हाच तो." मी आरशात पाहिलं. नाक, डोळे, जसे असतात तसे.

लाईल


१० सप्टेंबर

डेनिस,

हे शेवटचं. उत्तर देऊ नकोस, उत्तर मागत नाहीये.

हॅनिगननं पुढच्या वर्षाचं पक्कं केलं. खुणाही आता माझ्याकडे. मी त्याला विचारलं, "कोच, माझ्या चेहऱ्याचा तुम्हाला काही त्रास होतो का?" तो म्हणाला, "चेहरा? मित्रा, मी सामन्यात तुझ्याकडे बघतच नाही." आणि पाठीवर थाप मारून गेला. चांगला माणूस आहे. मला बरं वाटायला हवं होतं.

आपण आयुष्यभर फिल्मवर पोरं बघतो. पाय, पेरं, खांदे. आपला कॅमेरा वरून मैदानावर असतो, कडेला उभ्या माणसांवर नसतो. पण टीव्हीचा कॅमेरा कडेलाही फिरतो. आज दुपारी मी कॉलेजच्या कपाटातून मागच्या मोसमातले टीव्हीवरचे सामने काढून लावले. माझा चेहरा बघायला. दुसऱ्या कशासाठी नाही.

ऑक्टोबरातला तो सामना, ज्यात आपण लांब धाव मारून शेवटी जिंकलो. पोरगा रेषा ओलांडतो, आपली सगळी कड उड्या मारते. किक शिकवणारा कुणाच्या तरी गळ्यात पडतो. कॅमेरा तुझ्यावर येतो. तू उडी मारत नाहीस. तू डावीकडे वळतोस. मी तिथे उभा आहे, दोन पावलांवर. तू हसतोयस, दोन्ही हात अर्धे वर, माणूस कुणाला काही दाखवायला आणतो तसे. आणि मी मान हलवतोय. नकारार्थी. जिंकल्यावर. नजर मैदानावर, आपल्या उजवीकडच्या पोराच्या पायावर.

मग मी दुसरा सामना लावला. तिसरा. प्रत्येक चालीनंतर, डेनिस. चाल फसली की तू वळतोस, जमली की वळतोस. मी एकदाही तुझ्याकडे बघत नाही. मला वाटायचं तू पुढची चाल विचारायला वळतोस, ती तर मी आधीच कागदावर दिलेली असायची.

काय लिहावं कळत नाही. चूक माझी आहे असं मला मनापासून वाटत नाही, आणि तुझी होती असंही आता म्हणवत नाही. तो ऑक्टोबरातला भाग मी मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. पोराचा पाय चुकलेलाच आहे, टाच आत हवी होती. पण तू हात अर्धे वर धरून बराच वेळ थांबला होतास.

लाईल